राखमानिनोवचा 'डिपार्चर' अल्बम : दुसरा आणि चौथा कॉन्सर्टो एकत्र का?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी, पाश्चात्य शास्त्रीय ऐकणारे इथे बरेच जण आहेत हे जुन्या धाग्यांवरून कळलंय म्हणून इथेच विचारतेय. माझा पिंड हिंदुस्थानी गायकीचा, पियानो ऐकायला लागले ते भाच्यामुळे. तो शिकतोय आणि त्याला जे आवडेल ते मला पाठवत असतो. मध्यंतरी त्यानं दानिल त्रिफोनोव या रशियन पियानिस्टचा एक अल्बम पाठवला, 'डेस्टिनेशन राखमानिनोव : डिपार्चर', २०१८ साली डॉइचे ग्रामोफोननं काढलेला. राखमानिनोव या रशियन संगीतकाराचा दुसरा आणि चौथा पियानो कॉन्सर्टो, म्हणजे पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना, आणि जोडीला बाखच्या एका व्हायोलिन पार्टिटाचे तीन तुकडे जे राखमानिनोवनंच पियानोसाठी बसवलेत. सोबत फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा, कंडक्टर यानिक नेझे-सेग्वँ. कव्हरवर त्रिफोनोव जुन्या आगगाडीच्या डब्यात बसलेला, म्हणजे कोणीतरी घर सोडून निघालंय हे सरळच दिसतं.

आता माझा घोळ असा आहे. दुसरा कॉन्सर्टो पहिल्या ऐकण्यातच मनात जाऊन बसला. सुरुवातीला पियानो एकटाच ते घंटेसारखे कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर) वाजवतो आणि मग सगळी व्हायोलिनं खालून ती लांबलचक धून उचलतात, तिथे दर वेळी काटा येतो अंगावर. पण तो लिहिला १९०० - १९०१ मध्ये आणि राखमानिनोवनं रशिया सोडला १९१७ ला. मग याचा आणि निघून जाण्याचा संबंध काय? उलट चौथा हा खरंच परदेशात पुरा केलेला आणि तो मला धरताच येत नाही. एखादी धून सुरू होते, आता ही खुलणार असं वाटतं आणि कोणीतरी मध्येच तोंड घालतं. तीन-चारदा नेटानं ऐकला तरी तेच. हे वाजवणाऱ्याचं काही आहे, लिहिणाऱ्याचं आहे, की माझा कानच अजून तयार नाही?

भाचा म्हणतो "मावशी तू फार विचार करतेस, नुसतं ऐक". पण बंदिश कोणी कुठल्या प्रसंगात बांधली हे कळलं की मला ती जास्त ऐकू येते, सवयच आहे ती. तर जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं ही विनंती.

सुरंगी

गोदाताई, प्रश्न फार आवडला. पुण्यात पियानो शिकवते, हे दोन्ही कॉन्सर्टो माझ्या अतिशय जवळचे आहेत त्यामुळे लांबण लागणार, आधीच सांगून ठेवते.

आधी दुसरा. तुमचं बरोबर आहे, त्याचा देश सोडण्याशी काही संबंध नाही. त्याची पार्श्वभूमी वेगळीच आहे. १८९७ मध्ये राखमानिनोवची पहिली सिंफनी सेंट पीटर्सबर्गला साफ आपटली, कंडक्टर होता ग्लाझुनोव, आणि समीक्षकांनी असं काही सोलून काढलं की तेवीस वर्षांच्या त्या पोराच्या हातून पुढे दोन-तीन वर्षं जवळजवळ काहीच लिहून झालं नाही. शेवटी नातेवाईकांनी त्याला डॉ. निकोलाय डाल यांच्याकडे नेलं, ते संमोहनानं उपचार करायचे आणि स्वतः संगीतातले दर्दी होते. १९०० च्या सुरुवातीला काही महिने हे उपचार चालले आणि त्यातून उठून त्यानं हा कॉन्सर्टो लिहिला, डॉक्टरांनाच अर्पण केलाय. म्हणजे हे आजारातून उठलेल्या माणसाचं संगीत आहे, स्वतःच्या देशात, स्वतःच्या माणसांत बसून लिहिलेलं.

तुम्ही म्हणता ते घंटेचे कॉर्ड आठ आहेत. प्रत्येक कॉर्ड झाला की डावा हात अगदी खालचा एक 'एफ' सूर वाजवतो, आणि पहिला कॉर्ड एकदम हळू, मग प्रत्येक वेळी थोडा थोडा चढत आठव्याला पूर्ण आवाज. माझ्याकडे मोठी मुलं हे वाजवायला घेतात तेव्हा पहिल्याच ओळीत अडतात कारण कॉर्ड इतका रुंद आहे की सामान्य हात पोचतच नाही. राखमानिनोवचा पंजा अवाढव्य होता, त्याला हे सहज जायचं, बाकीच्यांना कॉर्ड फोडून वाजवावा लागतो. आणि फोडला की घंटा राहत नाही, झंकार होतो. त्रिफोनोवचं ते पहिलं पान नुसतं त्या खालच्या 'एफ'साठी ऐका. कॉर्ड मोठा होत जातो तसा तो खालचा सूरही जड होत जातो, पण कुठेही आदळत नाही.

लहानपणी नोवगोरोदला आजीबरोबर चर्चमध्ये ऐकलेल्या घंटा राखमानिनोवच्या डोक्यातून कधी गेल्या नाहीत, पुढे १९१३ मध्ये त्यानं घंटांवर कोरस, सोलो गायक आणि ऑर्केस्ट्रासाठी एक मोठी रचनाच केली. तेव्हा मुळं म्हणाल तर ती इथे या पहिल्या पानावरच आहेत. दुसरा कॉन्सर्टो हे निघून जाणं नव्हे, जे सोडून जायचं आहे ते आहे. असं मी समजते.

आता चौथा. राखमानिनोव १९१७ च्या डिसेंबरात बायको नतालिया आणि दोन मुली इरिना, तात्याना यांना घेऊन पेत्रोग्रादहून (म्हणजे सेंट पीटर्सबर्गहून) निघाला. स्टॉकहोमला कार्यक्रमांचं बोलावणं आलं होतं तेवढंच निमित्त. गाडीनं फिनलंडच्या हद्दीपर्यंत, तिथून बर्फात उघड्या स्लेजनं. सामानात थोडे कपडे, स्वतःच्या लिखाणाच्या काही वह्या आणि रिम्स्की-कोर्साकोवच्या एका ऑपेराची प्रत. वय ४४. परत कधीच गेला नाही. वर्षभर डेन्मार्क-स्वीडनकडे काढलं आणि १० नोव्हेंबर १९१८ ला न्यूयॉर्कला उतरला, दुसऱ्याच दिवशी पहिलं महायुद्ध थांबलं.

मग पोटापाण्यासाठी काय, तर वाजवणं. रशियात असताना तो आधी संगीतकार, मग कंडक्टर, मग पियानिस्ट होता, आणि मैफिलीत मुख्यतः स्वतःचंच वाजवायचा. अमेरिकेत चाळिशी उलटल्यावर बसून बेथोवन, शोपँ, शुमान, लिस्ट यांचा सगळा रियाज नव्यानं केला आणि सीझनच्या सीझन आगगाडीनं गावोगाव फिरला. लिहायला उसंत नाही आणि मुख्य म्हणजे लिहावंसंही वाटेना. देश गेला तशी लिहिण्याची इच्छाही तिथेच राहिली, अशा अर्थाचं त्यानं एका मुलाखतीत सांगितलंय. हिशोब बघा : रशिया सोडेपर्यंत ओपस (छापलेल्या रचनांचा क्रमांक) ३९ झाले होते, उरलेल्या पंचवीस वर्षांत ओपस ४० ते ४५. सहा. त्यातला पहिला म्हणजे हा चौथा कॉन्सर्टो, १९२६ मध्ये पुरा झाला. नऊ वर्षांच्या गप्प बसण्यानंतर तोंड उघडलेला माणूस आहे हा. धून सुरू होते आणि तुटते हे तुम्हाला जाणवलं ना, ते चुकीचं ऐकलेलं नाही. ते तसंच आहे.

रानवारा

सुरंगीताईंची माहिती उत्तमच, पण मला या अल्बमच्या नावाबद्दलच आक्षेप आहे, मांडतो.

राखमानिनोवचा खरा 'निघतानाचा' कॉन्सर्टो पहिला आहे. अठराव्या वर्षी, १८९१ मध्ये लिहिलेला, ओपस १, पण आज जो वाजवतात तो त्यानं १९१७ च्या शरद ऋतूत मॉस्कोत बसून पूर्ण नव्यानं बांधलेला. बाहेर क्रांती चाललीये, रस्त्यावर गोळ्या झडताहेत आणि हा माणूस खोलीत बसून आपल्या कॉलेजच्या वयातल्या कॉन्सर्टोतली अडगळ काढतोय. ते संपवलं आणि काही आठवड्यांत देश सोडला. याच्यापेक्षा जास्त 'डिपार्चर' काय असणार? आणि त्रिफोनोवनं नेमका तोच पुढच्या अल्बममध्ये, २०१९ च्या 'अरायव्हल'मध्ये टाकलाय, तिसऱ्याच्या जोडीला. म्हणजे निघतानाचा 'अरायव्हल'मध्ये आणि देश सोडायच्या सोळा वर्षं आधीचा 'डिपार्चर'मध्ये. कंपनीला दोन सीडींत चार कॉन्सर्टो बसवायचे होते, एक लोकप्रिय आणि एक कमी लोकप्रिय अशी जोडी लावली आणि वर गाडीचा फोटो. वादन अप्रतिम आहे, त्याबद्दल ब्र काढणार नाही. पण गोदाकाठ यांच्यासारखे श्रोते नावावर विश्वास ठेवून संगीतात ती गोष्ट शोधत बसतात आणि सापडली नाही की स्वतःच्या कानाला दोष देतात, हे मला पटत नाही.

फिलीतला_मावळा

रानवारा, पहिल्याबद्दल अगदी सहमत, पण उलटही बघा की. तो नवा केलेला पहिला कॉन्सर्टो रशियात वाजलाच नाही, त्याचं पहिलं वादन १९१९ च्या जानेवारीत न्यूयॉर्कला झालं. आणि तिसरा तर १९०९ मध्ये त्याच्या पहिल्या अमेरिका दौऱ्यासाठीच लिहिलेला, बोटीवर मुका कीबोर्ड घेऊन बोटं बसवत आला होता तो, प्रीमियर न्यूयॉर्क, नोव्हेंबर १९०९, आणि जानेवारीत परत वाजवला तेव्हा कंडक्टर गुस्टाव माहलर! म्हणजे पहिला आणि तिसरा हे दोन्ही न्यूयॉर्कला 'पोचलेले' कॉन्सर्टो आहेत. 'अरायव्हल' नाव मला तरी चपखल वाटतं.

आणि चौथ्याचं म्हणाल तर त्याला फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा असणं हा योगायोग नाही. मी बरीच वर्षं इथे राहतोय म्हणून हे जरा जास्त जवळून माहितीये. चौथ्याचा प्रीमियर इथलाच, १८ मार्च १९२७, अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये, स्टोकोव्स्की कंडक्टर आणि पियानोवर स्वतः राखमानिनोव. ती इमारत अजून ब्रॉड स्ट्रीटवर उभी आहे, १८५७ ची, ऑपेरा-बॅले होतात तिथे, ऑर्केस्ट्रा मात्र २००१ पासून थोडं पुढे नव्या हॉलमध्ये गेला. राखमानिनोवनं दुसऱ्याचं रेकॉर्डिंग १९२९ ला याच ऑर्केस्ट्राबरोबर केलं आणि चौथ्याचं १९४१ ला, तेव्हाचा कंडक्टर ऑर्मंडीबरोबर. शेवटची मोठी कृती, सिंफोनिक डान्सेस, तीही ऑर्मंडी आणि या ऑर्केस्ट्रालाच अर्पण केली. परक्या मुलुखात त्याला ज्यांच्यात बरं वाटायचं असे जे मोजके लोक होते त्यात हे वाजवणारे होते.

इथली स्ट्रिंग्ज ऐकायची असतील तर गोदाताईंना आवडलेली तीच जागा, दुसऱ्याच्या सुरुवातीची धून. तिथे पियानो मुख्य नाहीच मुळी. तो खाली नुसता पाण्यासारखा वाहत असतो आणि धून व्हायोलिन-व्हिओला-क्लॅरिनेटकडे. पुष्कळ पियानिस्टना तिथे गप्प राहवत नाही. त्रिफोनोव राहतो.

गोदाकाठ

बाप रे, इतकं सगळं! मनापासून धन्यवाद सगळ्यांना. रानवारा, तुमचा आक्षेप वाचून खरं सांगू का जरा हायसंच वाटलं.

सुरंगीताई, 'नऊ वर्षं गप्प बसून तोंड उघडलेला माणूस' हे वाचल्यावर काल रात्री चौथा परत लावला. पहिली आणि तिसरी मुव्हमेंट, म्हणजे कॉन्सर्टोचे भाग, अजूनही निसटतात हातातून, पण मधली, ती संथ, लार्गो का काय लिहिलंय, ती या वेळी धरली. किती साधी सुरावट आहे हो ती, नुसतं ग रे सा, ग रे सा. पियानो म्हणतो, व्हायोलिनं म्हणतात, परत पियानो. मोठ्यानं कोणी काहीच सांगत नाही. मग मध्ये एकदम भडका उडतो आणि तो विझला की शेवटाकडे एक वेगळंच काहीतरी येतं, फार आतून आल्यासारखं, आधीच्या ग रे सा शी त्याचा काही संबंध लागत नाही. ते काय आहे? का मलाच तसं वाटतंय?

सुरंगी

गोदाताई!! अहो तुमचा कान तयार नाही म्हणत होतात ना? या धाग्यावर मला सगळ्यात जास्त सांगायचं होतं ते हेच आहे.

तो शेवटचा भाग वेगळा वाटतो कारण तो खरंच दुसरीकडचा आहे. १९११ च्या उन्हाळ्यात राखमानिनोवनं इवानोव्काला बसून एत्यूद-ताब्लो म्हणून पियानोचे छोटे तुकडे लिहिले, ओपस ३३. छापायच्या वेळी त्यातले तीन बाजूला काढले. त्या काढलेल्यांत एक सी मायनरमधला होता, सुरुवात अंधारी आणि शेवट सी मेजरमध्ये, एकदम शांत. तो त्याच्या हयातीत छापलाच गेला नाही, मरणानंतर १९४८ मध्ये आला. पण पंधरा वर्षांनी चौथा लिहिताना त्यानं त्याच तुकड्याचा तो शांत शेवट उचलला आणि या लार्गोच्या शेवटी आणून ठेवला.

आता इवानोव्का म्हणजे काय ते सांगते. तांबोव प्रांतातलं शेतीवाडीचं गाव, मॉस्कोच्या आग्नेयेला, त्याच्या आत्याच्या घरची, सातिन घराण्याची जमीन, बायकोचं माहेरही तेच. डोंगर नाही, समुद्र नाही, नजर जाईल तिथपर्यंत शेतं, घराभोवती लायलॅकची झाडं. तरुणपणापासून जवळजवळ प्रत्येक उन्हाळा तो तिथे काढायचा आणि रशियात लिहिलेलं बहुतेक सगळं काम त्या घरात झालंय. पुढे ती जमीन त्यानंच सांभाळायला घेतली, कमावलेले पैसे तिथे शेतीत, घोड्यांत, यंत्रांत घातले. १९१७ मध्ये गेलं ते हे. घर पाडलं गेलं. आता नव्यानं बांधून तिथे म्युझियम आहे.

तर ज्या माणसाकडे त्या घरातलं काही उरलं नव्हतं त्यानं तिथे लिहिलेली ती न छापलेली पानं आपल्या अमेरिकेतल्या पहिल्या कृतीच्या मधोमध ठेवली, आणि कोणाला सांगितलंही नाही. १९२७ च्या श्रोत्यांना ते कळणं शक्यच नव्हतं कारण मूळ तुकडा कोणी ऐकलेलाच नव्हता. ओपस ३३ मधला हा सी मायनर एत्यूद सुट्टा मिळतो ऐकायला, काही मिनिटांचाच आहे. आधी तो ऐका, लगेच लार्गो लावा.

मूळचा माल तुटक का झाला याचं एक कारण त्यानं पुढे केलेली काटछाटही आहे बरं का. प्रीमियरनंतर समीक्षकांनी फार वाईट लिहिलं. कोणाला जुनाट वाटला, कोणाला पसरट. त्याला स्वतःलाच धाकधूक होती, संगीतकार मित्र मेद्त्नरला (कॉन्सर्टो त्यालाच अर्पण केलाय) प्रीमियरच्या आधीच पत्रात लिहिलं होतं की हा इतका लांब झालाय की वाग्नरच्या 'रिंग' या चार संध्याकाळी चालणाऱ्या ऑपेरा-मालिकेसारखा लागोपाठ काही संध्याकाळी वाजवावा लागेल. मग १९२८ मध्ये कापला, १९४१ मध्ये आणखी कापला. आपण ऐकतो तो सहसा १९४१ चा. मूळ १९२६ चा ऐकायचा असेल तर येवगेनी सुदबिननं बीआयएस या रेकॉर्ड कंपनीसाठी वाजवलाय. तिसरी मुव्हमेंट त्यात बरीच वेगळी आहे आणि धूनींना जरा पाय पसरायला जागा मिळते. माझं वैयक्तिक मत विचाराल तर तो कापायलाच नको होता. स्वतःच्या कामावरचा विश्वास एकदा १८९७ ला गेला होता, तो पुढेही असा अधूनमधून जायचा, आणि मग कात्री चालायची.

रानवारा

एत्यूदची गोष्ट माहीत नव्हती. आत्ताच दोन्ही लागोपाठ ऐकले. अंगावर आलं.

१९४१ च्या रूपाबद्दल मात्र मी वेगळं म्हणेन. इटालियन पियानिस्ट मिकेलांजेलीचं १९५७ चं रेकॉर्डिंग ऐका, रावेलच्या जी मेजर कॉन्सर्टोबरोबर आलेलं. तिथे तो तुटकपणा दोष वाटतच नाही, उलट प्रत्येक तुकडा इतका लखलखीत घासलेला आहे की पुढचा कधी येतो याची वाट बघत बसतो आपण. त्याच्याकडे हळवेपणा औषधाला नाही. त्रिफोनोवचा चौथा माझ्या कानाला याच्या बरोबर विरुद्ध टोकाचा, त्याला प्रत्येक अर्धवट वाक्य पुरं करावंसं वाटतं, तुटायच्या आधी क्षणभर रेंगाळतो. दोन्ही आवडतात, पण आजच्या या चर्चेनंतर त्रिफोनोवचं ते रेंगाळणं मला जास्त कळलं.

आणि हो, एक गोष्ट मी आधी सांगायला हवी होती, नावावर टीका करण्याच्या भरात राहिली. त्रिफोनोव स्वतः निझनी नोवगोरोदचा, मॉस्कोत ग्नेसिन शाळेत शिकला आणि २००९ मध्ये अठराव्या वर्षी अमेरिकेत क्लीव्हलंडला सेर्गेई बाबायानकडे शिकायला गेला. दोनच वर्षांत चायकोव्स्की स्पर्धा जिंकली म्हणून सगळे तेवढंच सांगतात. पण क्लीव्हलंडला नवीन असताना घरची फार आठवण यायची, आणि त्या काळात त्यानं 'राखमानियाना' नावाची पियानोची एक मालिका लिहिली, राखमानिनोवच्या वळणाची. २०१५ च्या त्याच्या राखमानिनोव व्हेरिएशन्सच्या अल्बमवर आहे ती. म्हणजे कंपनीच्या कल्पनेच्या कितीतरी आधी हा पोरगा याच वाटेवर होता.

चहाबाज

मस्त धागा. पियानोतलं मला शष्प कळत नाही पण सगळं वाचून काढलं.

मुंबईकरांसाठी : एनसीपीएमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे सीझन होतात, राखमानिनोव असला तर सोडू नका. रेकॉर्डिंगमध्ये पियानो नेहमी पुढे आणून ठेवलेला असतो, हॉलमध्ये बसल्यावर कळतं की अख्ख्या ऑर्केस्ट्रासमोर एकटा माणूस काय झुंजत असतो ते.

एक शंका. बाख मध्येच कशाला आला? दोन रशियन कॉन्सर्टो आणि एक जर्मन?

फिलीतला_मावळा

चहाबाज, बाख ई मेजर पार्टिटा, मूळ एकट्या व्हायोलिनची. राखमानिनोवनं १९३३ मध्ये त्यातले प्रेल्यूद, गाव्होत आणि जीग पियानोवर आणले, तेव्हा तो दौऱ्यांवर फिरत होता आणि रिसायटलसाठी असं काहीतरी लागायचं. म्हणजे हे परदेशातल्या, वाजवून जगणाऱ्या राखमानिनोवचं काम आहे. पण एका व्हायोलिनचा एक धागा घेऊन त्यात आतल्या आत त्याचे ते खास रशियन वळणाचे कॉर्ड भरलेत, प्रेल्यूदमध्ये डाव्या हाताकडे लक्ष ठेवलं तर ऐकू येतात. दोन जड पदार्थांमध्ये ते प्रसन्न सात-आठ मिनिटं फार गरजेची होती असं मला वाटतं.

गोदाकाठ

एत्यूद ऐकला. मग लार्गो. काय बोलू. तो शेवट येतो तेव्हा आता मला तो ओळखू येतो. सुरंगीताई, शतशः आभार.

दुसऱ्या कॉन्सर्टोकडे पण वेगळ्या कानानं गेले. आधी मी त्यात दुःख ऐकत होते, बहुतेक कव्हरवरच्या गाडीमुळे. आता ते तसं वाटत नाही. तिसऱ्या मुव्हमेंटच्या शेवटी ती मोठी धून सी मेजरमध्ये येते ना, तिथे तर हा माणूस चक्क आनंदात आहे. भरल्या घरातला आनंद आहे तो.

आता शेवटचं विचारते. चौथ्याच्या आसपास, त्या गप्प वर्षांनंतर, त्यानं आणखी काय लिहिलं? असं काही ज्यात तो गावाकडचं उघडपणे म्हणतोय, एत्यूदसारखं लपवून नाही?

सुरंगी

आहे. थ्री रशियन साँग्ज, ओपस ४१. चौथ्याच्या पाठोपाठचाच ओपस आणि त्याच वर्षीचा, १९२६. तीन रशियन लोकगीतं, कोरस आणि ऑर्केस्ट्रासाठी, आणि कोरसमध्ये नेहमीचा चार आवाजांचा पूर्ण मेळ नाही, फक्त बायकांचा खालचा आवाज आणि पुरुषांचा खालचा आवाज, तेही बहुतेक एकाच सुरात गातात. हार्मनी सगळी ऑर्केस्ट्राकडे. म्हणजे गाणं जसं ऐकलं तसंच ठेवलंय, गाणाऱ्यांच्या तोंडी काही सजावट घातली नाही.

तिसरं गाणं त्याला नादेझ्दा प्लेवित्स्काया या लोकगायिकेकडून मिळालं. तीही रशिया सोडून आलेली, शेतकरी घरातली बाई, एके काळी झारसमोर गायलेली. १९२६ मध्ये ती अमेरिकेत असताना राखमानिनोवनं तिच्या मागे पियानो धरला आणि व्हिक्टर कंपनीत त्याचं रेकॉर्डिंग झालं. ते मिळतं ऐकायला. जुन्या तबकडीची खरखर आहे पण आवाज खणखणीत. आणि तो मागे जे वाजवतो ना, ताई, ते ऐकाच. सगळ्या जगात ज्याच्या नावानं हॉल भरायचे तो माणूस तिथे साथीला बसलाय आणि मजेत, ठेक्यात, पुढे सरसावत वाजवतोय.

या ओपस ४१ चा प्रीमियर मावळ्यांनी वर सांगितलेल्या त्याच रात्री झाला. १८ मार्च १९२७, त्याच हॉलमध्ये, स्टोकोव्स्कीच्याच हाताखाली, चौथ्याच्या बरोबरीनं. समीक्षकांना ही गाणी कॉन्सर्टोपेक्षा आवडली.

गोदाकाठ

म्हणजे एकाच कार्यक्रमात दोन्ही होती! प्लेवित्स्कायाचं रेकॉर्डिंग भाच्याला पाठवलं, त्यानंही ऐकलं नव्हतं. आता ओपस ४१ चं कोणाचं रेकॉर्डिंग घ्यावं तेवढं सांगा, कोरस रशियनच हवा मला.